बिनपगारी जागेचं स्थळ

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात जिल्हाधिकारी कार्यालयावर एक मोर्चा गेला. मोर्चेकऱ्यांच्या डोक्याला बाशिंगं होती, काही जण घोड्यावर होते, पुढे वाजंत्री होती. फक्त वऱ्हाडात नवरी नव्हती. आम्हाला लग्नासाठी मुली मिळत नाहीत, सरकारने त्या मिळवून द्याव्यात आणि गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा कडकपणे राबवावा, अशी त्यांची मागणी होती. बातम्यांनी यातला गमतीचा भाग उचलला, दोन दिवस हशा झाला. मागणीचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. लक्षात राहिलं ते गावोगावच्या पारावर आधीपासून चालू असलेलं म्हणणं, की मुलींच्या अपेक्षा वाढल्यात, त्यांना मातीत हात घालायला नको, त्यांना पुण्यात फ्लॅट, गावाकडे पाच एकर बागायत आणि सासूबाई फोटोत हव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका आमदारांनी तर जाहीर सभेत मुलींची प्रतवारीच लावली. एक नंबरची मुलगी नोकरीवाल्याला जाते, दोन नंबरची दुकानवाल्याला, आणि उरलेली शेतकऱ्याच्या पोराला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. बाजार समितीत सोयाबीनची प्रत लावावी तशी ही मांडणी होती आणि तिच्यावर टीकाही झाली. पण टीका झाली ती मुख्यतः भाषेवर. त्या भाषेखालचा आरोप, म्हणजे मुली लोभी आणि आळशी आहेत म्हणून शेतकऱ्याला नाकारतात हा समज, बिनधक्का तसाच उभा राहिला. तो समज चुकीचा आहे, आणि इतका सोयीचा आहे म्हणूनच तो तपासून पाहायला हवा.

सगळ्यात आधी हे बघावं लागतं, की नकार देतं कोण. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत, आपला नवरा आपण एकटीनेच निवडला असं सांगणाऱ्या स्त्रिया साधारण पाच टक्के होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचं आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच झालेलं आढळलं. ज्या मुलीला दहावीच्या निकालाआधी बोहल्यावर चढवलं जातं तिच्या 'अपेक्षा' वाढल्या असं म्हणणं हा क्रूर विनोद आहे. ग्रामीण महाराष्ट्रात स्थळ पाहतात ते बाप, चुलते, मामा. आणि या मंडळींपैकी बहुतेकांचा व्यवसाय काय? शेती. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाला नाकारणारा माणूस प्रामुख्याने शेतकरीच आहे. एकाच वाड्यात, एकाच उन्हाळ्यात, मुलीसाठी कंपनीतला मुलगा हवा म्हणून शेतीवाल्याचं स्थळ परत पाठवलं जातं आणि मुलासाठी मात्र 'शेतात राबणारी, घर सांभाळणारी' मुलगी मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावला जातो. या बापाला लबाड म्हणायचं कारण नाही. त्याला शेतीचा हिशेब आतून ठाऊक आहे. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ४० टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं होतं, की पर्याय मिळाला तर दुसरं काही करू. दहा वर्षांनी लोकनीती-सीएसडीएसच्या पाहणीत, शहरात चांगली नोकरी मिळाली तर शेती सोडू म्हणणारे दहांपैकी सहा निघाले. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही उतरंड उलटी केली ती शेतकऱ्यांनीच, स्वतःच्या अनुभवावरून. मुलगी फक्त बापाचं मत अंमलात आणते, आणि शिव्या खाते ती एकटी.

तरीही समजा, मुलीला खरोखर विचारलं गेलं आणि ती नाही म्हणाली. आता अनेक घरांत तेवढं होऊही लागलंय. तिच्या त्या 'नाही'चा अर्थ काय? इथे सगळी चर्चा एका शब्दाशी अडखळते. आपण विचारतो, मुलींना कोणत्या व्यवसायाचा नवरा आवडतो. प्रश्नात गृहीत असं, की व्यवसाय नवऱ्याचा असतो आणि बायको त्याचं फळ खाते. कारकुनाची बायको फायली हलवत नाही. एसटीच्या ड्रायव्हरची बायको स्टिअरिंग धरत नाही. तलाठ्याच्या बायकोला फेरफार लिहावा लागत नाही. नवऱ्याचा धंदा त्यांच्या घरात पगाराच्या रूपाने येतो, दमणुकीच्या रूपाने येतो, बदलीच्या रूपाने येतो, पण कामाच्या रूपाने येत नाही. शेतकऱ्याच्या घरात तो कामाच्याच रूपाने येतो. निंदणी, खुरपणी, कापसाची वेचणी, कांद्याची लागण आणि काढणी, सोयाबीनची सोंगणी, गोठ्यातलं शेण, दुपारची भाकरी बांधावर पोचवणं, ही सगळी कामं लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिच्याकडे येतात. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, मळणी यंत्राने होऊ लागली, पाणी मोटारीने आलं. वाकून करायची कामं राहिली ती बहुतेक बाईच्या वाट्याची. २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ७६ टक्के शेतीत आहेत, पुरुषांपैकी ४९ टक्के. बायका शेतीपासून पळाल्या असं म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. शेतीतून बाहेर पडले ते पुरुष. शेतात मागे उरली ती बाई, आणि आळशीपणाचा शिक्का तिच्याच कपाळी.

म्हणून शेतकऱ्याचं स्थळ पाहताना मुलगी नवरा तर पाहतेच, पण त्याचबरोबर स्वतःची नोकरीही पाहत असते. कांदेपोह्यांच्या बैठकीत शेतातलं काम येतं का, जनावरांची सवय आहे का, हे प्रश्न विचारले जातात तेव्हा ती मुलाखतच असते, फक्त मुलाखत घेणारे तसं कबूल करत नाहीत. जागा पूर्णवेळ आहे, रजा नाही, पगार नाही, पदनाम नाही. शिवाय संध्याकाळी दुसरी पाळी आहेच. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला २९९ मिनिटं घरकामात जातात असं आढळलं, घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची ९७. शेतात दिवस घालवून आलेल्या बाईला या पाच तासांतून सूट नाही. एवढं करून शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात लिहिलं जातं 'घरकाम'. शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पटका किंवा टोपी येते, पदर खोचलेली बाई येत नाही. ही नुसती भाषेची खोड नव्हे, तिच्यावर पैसे अवलंबून असतात, आणि त्याकडे पुढे येतोच.

ही गोष्ट सर्वांत उघडी दिसते ती ऊसतोडीत. तिथे मजुरीचं एककच 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर मिळते, एकट्याला अर्धा कोयता धरतात. म्हणजे लग्न झाल्याशिवाय मुलाला पूर्ण उचल नाही, आणि मुलीला माहेरी एकटं ठेवून कारखान्यावर जायची आईबापांना धास्ती. बीडसारख्या जिल्ह्यात मुलींची लग्नं इतक्या लवकर उरकली जातात त्याच्या मुळाशी या दोन्ही गोष्टी आहेत. इथे बायको कामगार आहे हे कुणी लाजून झाकत नाही, करारातच असतं. बागायतदाराच्या ओसरीवर हेच नातं सभ्य शब्दांत मांडलं जातं. शब्द सभ्य झाले म्हणून श्रम कमी होत नाहीत.

आता पैशांकडे येऊ. 'मुलींना इस्टेट हवी' असा आरोप करणाऱ्यांनी ती इस्टेट कुणाची आहे ते एकदा सातबाऱ्यावर बघावं. बायोडेटात लिहिलेले पाच एकर बहुतेक वेळा मुलाच्या वडिलांच्या, कधी आजोबांच्या नावावर असतात, त्यात दोन भाऊ वाटेकरी असतात, एखादी विहीर सामायिक असते आणि सोसायटीचं कर्ज असतं. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. म्हणजे नवरदेव आजोबांच्या जमिनीची ऐट मिरवतो आणि त्याच्या वाट्याला येणार असतो तिचा तिसरा हिस्सा. बायकोच्या वाट्याला त्यातलं काय? त्याच गणनेत देशातल्या एकूण वहिवाटदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के निघाल्या. माहेरच्या जमिनीत मुलीला हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. पण गावात तो हक्क हक्कसोड पत्रावर सही करून 'भावाला' देण्यासाठीच असतो, न दिला तर माहेर तुटतं. म्हणजे शेतकऱ्याची मुलगी माहेरच्या सातबाऱ्यावरून उतरते आणि सासरच्या सातबाऱ्यावर चढत नाही. मधल्या काळात दोन्हीकडच्या शेतात राबते. अशा माणसाने शेती या धंद्यावर जीव जडवावा अशी अपेक्षा करणं म्हणजे सालगड्याने मालकाच्या मळ्यावर प्रेम करावं म्हणण्यासारखं आहे. सालगड्याला निदान साल ठरवून मिळतं.

हा धोका नुसता कागदोपत्री नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. प्रत्येक आकड्यामागे बहुधा एक बाई असते, जिने शेतात निम्म्याहून अधिक काम केलं आणि जिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. महिला किसान अधिकार मंचाने मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा पाचशेहून अधिक विधवांची पाहणी केली होती. त्यातल्या सुमारे ४० टक्के जणींना नवरा कसत होता त्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. मुलीचा मामा स्थळ नाकारताना ही आकडेवारी उघडून बसत नाही हे खरं. त्याला गरज नसते, त्याच्या भावकीत त्याने ते पाहिलेलं असतं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा, की हे सगळं मान्य केलं तरी कष्टाची तयारी नसणं हेच मूळ कारण आहे, बाकी समर्थन मागाहून शोधलेलं. या आक्षेपाला उत्तर साताऱ्या-कोल्हापूरकडच्या गावांत फिरताना मिळतं. तिथे फौजीचं स्थळ पिढ्यान्‌पिढ्या चांगलं समजलं गेलंय. फौजीची बायको काय सुखात असते? नवरा वर्षाचे दहा महिने सीमेवर, घरी सासू-सासरे, पोरांची शाळा, दुखणी-खुपणी सगळं तिच्यावर, आणि दाराशी कुणी गणवेशातला माणूस आला की काळजाचा ठोका चुकतो. धोका आणि एकटेपणा यांचा हिशेब मांडला तर शेतकऱ्याच्या बायकोपेक्षा तिचं ओझं काही हलकं नाही. फरक एवढाच, की पगार ठरलेल्या दिवशी येतो, कँटीन आहे, दवाखाना आहे, आणि वाईटात वाईट घडलं तर कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या स्वतःच्या नावावर चालू होतं. सरकार तिला पत्नी म्हणून ओळखतं आणि त्या ओळखीला दरमहा रक्कम असते. शेतकऱ्याच्या विधवेला आधी हे सिद्ध करावं लागतं, की आत्महत्या 'पात्र' होती. त्या शब्दाहून ओंगळ शब्द सरकारी मराठीत शोधून सापडायचा नाही. मुली कष्टाला भीत असत्या तर त्यांनी फौजीला आधी नाकारलं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाकणच्या कारखान्यात ठेकेदारीवर बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या मुलाला मुलगी मिळते आणि दहा एकर ऊस असलेल्याला मिळत नाही, याला हिशेब म्हणायचं की खुळ? यात खुळाचा अंश आहे, तो मी नाकारत नाही. 'कंपनीत आहे' या दोन शब्दांच्या प्रतिष्ठेवर कित्येक घरं भाळतात, कायम आहे की ठेक्यावर हे विचारतही नाहीत, आणि भोसरीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेल्यावर मुलीला कळतं की पाण्याचा हंडा इथेही आहे. पण रक्कम बाजूला ठेवून तिचा आकार पाहा. २०१८-१९ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये निघालं. हे सबंध कुटुंबाचं, मजुरी आणि दूध-दुभतं धरून, आणि यातलं पिकाचं उत्पन्न येतं वर्षातून एक-दोनदा, जे येतं ते सासऱ्यांच्या हाती. ठेकेदारीवरचा मुलगा दहा एकर ऊसवाल्यापेक्षा कमी कमावत असेल, पण दर महिन्याला कमावतो आणि ते पैसे दोघांच्या खोलीत येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. एका अधिसूचनेने लासलगावपासून सोलापूरपर्यंतच्या घरांचं वर्ष पालटलं. कारखान्यातली नोकरीही जाते, पण गेली तर दुसरा कारखाना असतो. जमीन उचलून दुसऱ्या बाजार समितीच्या गावी नेता येत नाही. शिवाय शहरातल्या खोलीत मुलीला स्वतःचं काम शोधता येतं, मग ते शिवणकाम असो, पॅकिंग असो की नर्सिंग. तिथे तिच्या श्रमाला, कितीही थोडा असो, पण भाव असतो आणि तो तिच्या हातात पडतो. दहा एकर उसात तिच्या श्रमाला भाव नाही, मान असलाच तर आहे, आणि तोही सासू झाल्यावर.

टीव्ही आणि मोबाइलने मुली बिघडल्या, असंही सांगितलं जातं. हे निदान इतकं लोकप्रिय आहे की त्याला थोडं लांबचं उत्तर द्यावं लागेल. समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए याने १९६२ मध्ये फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या बेआर्न या आपल्याच प्रदेशातल्या एका गावावर अभ्यास प्रसिद्ध केला. नाताळच्या नाचाच्या रात्री नाचाच्या जागेच्या कडेला काळपट कोट घातलेले तिशीतले पुरुष उभे आहेत, नाचत नाहीत, नुसते बघतात. हे सगळे अविवाहित शेतकरी. त्या मुलखात पूर्वी थोरल्याला जमीन मिळे आणि त्याचं लग्न ठरलेलं असे, धाकटे बिनलग्नाचे राहत. आता उलटं झालं होतं. वाड्या-वस्त्यांवरची जमीन ज्याला मिळाली तोच लग्नावाचून राहिला, कारण मुली बाजारपेठेच्या गावाकडे आणि शहराकडे बघू लागल्या होत्या, आणि शेतावर सासूच्या हाताखाली नांदायची त्यांना धास्ती होती. १९८५ मध्ये जपानच्या यामागाता प्रांतातल्या आसाहि या गावाच्या प्रशासनाने आपल्या शेतकऱ्यांसाठी फिलिपिन्समधून वधू आणवल्या. २००५ च्या सुमारास दक्षिण कोरियात शेती आणि मासेमारी करणाऱ्या पुरुषांच्या लग्नांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लग्नं परदेशी वधूंशी होत होती. अलीकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातले तरुण शेतकरी वधूसाठी महादेश्वर बेट्टा या देवस्थानापर्यंत पायी गेले. बेआर्नच्या मुलींच्या हाती १९६२ मध्ये इन्स्टाग्राम नव्हतं. भाषा वेगळी, धर्म वेगळा, हुंड्याची रीत वेगळी, आणि तरी नकार हुबेहूब तोच. जिथे जिथे शेती म्हणजे कुटुंबाचे फुकट श्रम आणि घरातल्या थोरांची सत्ता, आणि जिथे जिथे बाईला बाहेर दुसरं दार उघडलं, तिथे तिथे ती त्या दाराने गेली. यात संस्कार बुडाल्याची कथा शोधणाऱ्यांनी आधी फ्रान्समधल्या कोणत्या संस्कारांबद्दल बोलतोय ते सांगावं.

आणि आता त्या मोर्चाच्या मागणीचा विसरलेला अर्धा भाग. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये २०११ ला ८०७. गर्भलिंग चाचण्यांना आवर घालणारा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली, केंद्राच्या सहा वर्षं आधी. त्याच राज्यात २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीस आलं. २००१ च्या गणनेत जी पोरं होती ती आज पंचविशी-तिशीत, लग्नाच्या बाजारात उभी आहेत. हे संगीत खुर्चीसारखं आहे. खुर्च्याच कमी असतील तर कुणीतरी उभा राहणारच. कोण राहणार ते व्यवसाय ठरवतो, किती राहणार ते मात्र पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीने ठरवलेलं आहे. उद्या राज्यातल्या प्रत्येक मुलीने अपेक्षा सोडून दिल्या, पहिलं आलेलं स्थळ पत्करलं, तरी बिनलग्नाच्या पुरुषांची संख्या एकानेही कमी होणार नाही. फक्त शेतकऱ्याऐवजी दुसरा कुणी मोर्चा काढेल. मुलींच्या आवडीनिवडीला दोष देणारं सगळं भाषण या साध्या वजाबाकीपुढे गप्प होतं. आणि जी मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही तिने निदान कुणाला नाकारलेलं नाही.

राहतो तो अन्नदात्याचा मुद्दा. सगळ्यांनीच नाकारलं तर शेती कोण करणार, देश काय खाणार? हा प्रश्न मोठा आहे, पण तो चुकीच्या दारात विचारला जातोय. शेती टिकवण्याची जबाबदारी आयात-निर्यात धोरणाची आहे, सिंचनाची आहे, हमीभावाची आहे. ती वीस वर्षांच्या मुलीच्या होकारावर टाकणं म्हणजे धोरणाची उणीव तिच्या पाठीने भरून काढणं. सोयाबीनला हमीभावाखाली विकावं लागतं तेव्हा तो तोटा सोसायला सरकार पुढे येत नाही, पण त्या तोट्यात संसार करायला मुलीने मात्र आनंदाने पुढे यावं. दूरचित्रवाणीने याचीही गोड गोळी करून दिलीच. २०२२ मध्ये 'शेतकरीच नवरा हवा' नावाची मालिका आली, तिच्या नावातच मुलीकडून होकार लिहून घेतला होता. 'नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री' हा २०२४ चा चित्रपट मुलाची बाजू मांडतो, आणि ती खोटी नाही. शिकून शेतीत परतलेल्या मुलाच्या वाट्याला येणारा अपमान खराच आहे. पण कॅमेरा पाटावर बसवलेल्या मुलीच्या बाजूला नेऊन ठेवला तो जयंत सोमलकर यांनी 'स्थळ' या चित्रपटात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाच्या मुलीची ती गोष्ट आहे. कापसाच्या भावावर बापाचा जीव टांगलेला आणि पाटावर मुलगी, ही चौकट पाहिल्यावर दोघांपैकी निवड करायची सक्ती कुणाला आहे आणि सूट कुणाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

उपाय म्हणून जे सुचवलं जातं त्यातून या प्रश्नाकडे पाहायची आपली नजर कळते. एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकात निवडणुकीच्या प्रचारात एच. डी. कुमारस्वामी यांनी शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करणाऱ्या मुलीला दोन लाख रुपये देण्याचं आश्वासन दिलं. आपल्याकडेही अशा मागण्या अधूनमधून होतात. दोन लाख म्हणजे काय, तर बिनपगारी जागेसाठी एकदाच दिलेली उचल. मुकादमही तेच करतो. याउलट, या महाराष्ट्रातच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं होतं, आणि पुढे १९९० च्या आसपास 'लक्ष्मीमुक्ती' नावाची मोहीम काढली. नवऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा, हा तिचा कार्यक्रम. दानधर्म म्हणून नव्हे, तिच्या राबण्याचं देणं म्हणून. शेतमालाच्या लुटीविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्याने आधी स्वतःच्या घरातली लूट थांबवावी, हा युक्तिवाद एका शेतकरी नेत्याने शेतकऱ्यांसमोर उभं राहून केला आणि शेकडो गावांतल्या पुरुषांनी तो ऐकला. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सरकारी सोयही त्याच नावाने कित्येक वर्षं उपलब्ध आहे. नवरदेवांना वधू द्या म्हणणाऱ्या सभांमध्ये लक्ष्मीमुक्तीचं नाव क्वचितच निघतं.

कुणी म्हणेल, सातबाऱ्यावर नाव लावल्याने खुरपणी थोडीच हलकी होते? नाही होत. कांद्याचा भावही वाढत नाही. एवढ्याने उद्या मुली रांगा लावतील असंही नाही, कारण शहराचं दार आता बंद होणारं नाही आणि कमी जन्मलेल्या मुली परत येणार नाहीत. पण ज्या धंद्यात तिला वीस वर्षं घालवायची आहेत त्यात ती मजूर की भागीदार, हे त्या एका ओळीवर ठरतं. कर्ज तिच्या नावे निघतं, पीकविम्याचे पैसे तिच्या खात्यात येतात, आणि नवरा गेला तर दिराच्या दारात उभं राहावं लागत नाही. आजच्या बैठकीत मुलीचा मामा बायोडेटा हातात घेऊन विचारतो, चार एकर बागायत कुणाच्या नावावर आहे? मुलाचे वडील सांगतात, माझ्या, आणि पुढे याचंच आहे सगळं. मामा मान डोलावतो, पोहे येतात. मुलीचं नाव त्यावर कधी लावणार, हा पुढचा प्रश्न अजून फारशा ओसऱ्यांवर विचारला गेलेला नाही.